छेदातली माणसं

"मॅडम, एमडी झालं, रक्तविकारांचं डीएम झालं, ओपीडीला एवढी रांग असते. मग वर्षभर संशोधन शिकायला कशाला गेलात? आणि आता गुरुवारची ओपीडी दुपारीच आटपून पोरांना तेच शिकवत का बसता?"

लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, सोबतचे डॉक्टर विचारतात. बाकावर सकाळपासून ताटकळलेली माणसं तर हक्कानं विचारतात, आणि तो हक्क त्यांचा आहेच. आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. गेल्या महिन्यात मात्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका काकांवर आवाज चढला, आणि नंतर दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला. म्हणून एकदा नीट सांगते.

बढतीसाठी शोधनिबंध लागतात आणि सुरुवातीला तेही माझ्या डोक्यात होतं. हे लपवत नाही. पण "म्हणजे तुम्ही आमच्यावर प्रयोग करणार" हे मी ऐकून घेणार नाही. कुठलाही अभ्यास आधी नैतिकता समितीपुढे जातो. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत असावं लागतं. औषधाची चाचणी असेल तर 15 जून 2009 पासून भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद सक्तीची आहे. मी केलेलं काम तर त्याहून कितीतरी साधं होतं. जे उपचार आम्ही रोज देतो, त्यांचं पुढं काय होतं, एवढंच मोजायचं होतं.

आणि तेच मी चुकीचं मोजलं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीनं वर्षानुवर्षं ताब्यात राहतो. ज्या मोठ्या चाचणीनं हे औषध जगभर रुळवलं, तिच्यात 1106 रुग्ण होते. त्यांतल्या ज्यांना सुरुवातीपासून इमॅटिनिब दिलं, त्यांच्यापैकी सुमारे 83 टक्के लोक दहा वर्षांनीही हयात होते. हा आकडा मला पाठ होता. आपल्याकडेही असंच असणार, हे दाखवायची मला घाई झाली होती. फायली काढल्या. 38 जणांना गोळी सुरू केली होती. रक्तात हा आजार किती उरलाय ते सांगणारी वर्षानंतरची बीसीआर-एबीएल तपासणी 24 जणांनी केली होती आणि त्यांतल्या 19 जणांचा आकडा 0.1 टक्क्याच्या आत होता, म्हणजे हवा तसा. 24 पैकी 19, 79 टक्के. त्याचं पोस्टर करून एका परिषदेत लावलं. लोकांनी कौतुक केलं.

उरलेले 14? तळाला एक ओळ होती: "पाठपुराव्यास न आल्यामुळे वगळले." कारण म्हणून मी "आर्थिक अडचण" असं लिहिलं होतं. कुणालाही न विचारता.

पुढच्या वर्षी प्रशिक्षणाला गेले. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी 2003 पासून तरुण रक्तविकारतज्ज्ञांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण चालवते. आपला आराखडा घेऊन यायचं, सुरुवातीला आठवडाभर लहान गटांत तो सगळ्यांनी मिळून उसवायचा आणि मग वर्षभर मार्गदर्शकाच्या हाताखाली पुन्हा शिवायचा. आमचं प्रशिक्षण त्याच धर्तीवरचं, पण इथलं आणि लहान होतं. पहिल्याच संध्याकाळी सांख्यिकीच्या बाईंनी माझं पोस्टर पाहिलं आणि विचारलं, "छेदात कोण आहे?" म्हणजे टक्के काढताना कितीनं भागलं, त्यात कोण धरलेत. मी म्हणाले, तपासणी केलेले. त्या म्हणाल्या, "औषध कुणाला सुरू केलं होतं? त्यांना छेदात घ्या." 38 पैकी 19. बरोब्बर अर्धे. मी वाद घातला. न आलेले सगळे बिघडलेच असं कशावरून? त्या म्हणाल्या, "कशावरूनच नाही. म्हणून तर जाऊन बघायचं."

परत आल्यावर मी आणि आमच्या सिस्टर, दोघींनी 14 नंबर लावायला घेतले. सहाजण व्यवस्थित होते. कुणी मिरजेला, कुणी बेळगावला दाखवत होतं, गोळी रोज चालू होती. तिघांनी गोळी सोडली होती. दोघं गेले होते. तिघांचा पत्ताच लागला नाही. त्यांतला एक शिरोळ तालुक्यातला. 2019 च्या महापुरानंतर ते कुटुंब कुठं गेलं, हे गावातही कुणाला नीट सांगता येईना.

गेलेल्या दोघांतला एक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. वय 34. घर वडगावच्या बाजूला. फोनवर त्याची बायको एवढंच म्हणाली, "त्ये गेले की मॅडम. तुमास्नी कुणी सांगिटलं न्हाई व्हय?" एका रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. त्या दुपारबद्दल लिहू का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, लिवा.

दारात उसाचा ट्रॅक्टर उभा होता, म्हणून रस्त्यालाच गाडी लावून चालत गेलो. तिनं आधी चहा टाकला. मग आतून एक स्टीलचा डबा आणला. आत गोळ्यांच्या स्ट्रिपा होत्या, रबर लावून महिन्याप्रमाणे रचलेल्या. पहिल्या चार महिन्यांच्या सगळ्या रिकाम्या होत्या. पाचव्यापासून निम्म्या भरलेल्या. नवव्या महिन्याच्या स्ट्रिपेला हातही लागला नव्हता.

"पायात गोळे यायचे," ती म्हणाली. "रातचं वरडत उठायचे. डोळं सुजायचं. भट्टीपुढं उभं ऱ्हायला जमंना, खाडं पडायला लागलं. मग एक दिसाआड घ्यायला लागले. रिपोर्ट तर चांगला आल्ता न्हवं?"

रिपोर्ट चांगला आला होता. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्यावर "छान" असं मीच म्हणाले होते. पेशी नॉर्मल होणं आणि आजार ताब्यात येणं यांतलं अंतर त्याला कुणी समजावलं होतं? फायलीत माझ्या अक्षरात "तक्रार नाही" असं लिहिलं आहे. पायात गोळे येणं, डोळ्यांभोवती सूज येणं हे या औषधाचे अगदी ठाऊक असलेले त्रास आहेत. क्षार तपासता आले असते, डोस काही दिवस जुळवून घेता आला असता. तरी नाहीच जमलं तर याच आजारावरची दुसरी औषधं होती, डॅसॅटिनिब होतं, निलोटिनिब होतं. पैशाची अडचण तर नव्हतीच. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं या औषधाचं पेटंट नाकारलं, जेनेरिकची वाट मोकळी राहिली, आणि त्याच्या डब्यात गोळ्या शिल्लक होत्या. मी मात्र "आर्थिक अडचण" लिहून मोकळी झाले होते.

गोळ्या मोजणं ही संशोधनातली रीतसर पद्धत आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात मी ती शिकले होते. त्याच्या घरात जमिनीवर बसून मी गोळ्या मोजल्या, सिस्टरनी लिहून घेतल्या. तेव्हा ती म्हणाली, "ह्या परत घेता काय? दुसऱ्या कुणाच्या उपेगी पडतील."

घेता येत नाहीत, असं सांगावं लागलं.

मी पोस्टर लावलं तेव्हा त्याला जाऊन चार महिने झाले होते.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू एकटी, ओपीडीत सत्तर माणसं, फोन करायला कुणी नाही. प्रशिक्षणानं त्याला वाचवलं असतं का? तू तर तो गेल्यावर शिकलीस. हे खरं आहे. ती आणखी एक म्हणते, ते जास्त लागतं: गोळ्यांबद्दल विचारायला संशोधन कशाला हवं, चांगला डॉक्टर विचारतोच. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच दिसतं की मी वाईट डॉक्टर नव्हते, मन लावून काम करत होते, तरी मी विचारलं नाही. समोर येऊन बसणारी माणसं बरी दिसत होती आणि न येणारी दिसतच नव्हती. ती दिसायला मला छेद लिहावा लागला. एखाद्याला नसेल लागत.

गुरुवारी दुपारनंतर येणाऱ्यांना आता शुक्रवारी परत यावं लागतं. चंदगडहून आलेल्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. न आलेल्यांना फोन करायची वही, फायलीतला उरलेल्या गोळ्यांचा रकाना आणि पोरांचा तास यांची किंमत तोही मोजतो. काका, तुमचं चिडणं चुकीचं नव्हतं. तरी गुरुवार मी सोडणार नाही.

गेल्या गुरुवारी एका रेसिडेंटनं त्याच्या प्रबंधाचा तक्ता दाखवला. तळाला तीच ओळ: "पाठपुराव्यास न आल्यामुळे वगळले." मी तक्ता परत दिला. तो म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना फोन करतो. पण सापडलेच नाहीत तर?"

म्हटलं, तर त्यांच्यासाठी वेगळी ओळ कर. किती जण, ते लिही. माझ्या तक्त्यात तीन आहेत.