आजोबांचं मेडल घासू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात दसऱ्याची आवराआवर निघाली की हा प्रश्न येतोच: ट्रंकेतलं आजोबांचं लढाईतलं मेडल काळं पडलंय, रांगोळी लावून घासू का?

नका घासू. आधी ते कसलं आहे ते बघा. पिवळट धातूचा सहा टोकांचा तारा असेल तर तो दुसऱ्या महायुद्धात इटली, ब्रह्मदेश अशा आघाडीवर गेल्याबद्दलचा, शौर्यपदक नव्हे. गोल, चांदीचं, 36 मिलिमीटरचं, आणि मागे पानांच्या वेढ्यात 'फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड' (रणांगणातल्या शौर्याबद्दल) असेल, तर ते 'मिलिटरी मेडल' नावाचं ब्रिटिश शौर्यपदक. ते 1916 साली सुरू झालं, पण हिंदी पलटणीतल्या जवानांना 1944 पासूनच मिळू लागलं. फीत गडद निळी, मधोमध तीन पांढऱ्या आणि दोन किरमिजी रेघा.

खरी किंमत कडेची. तिथं जवानाचा लष्करी नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं उथळ असतात. दरवर्षी रांगोळीनं किंवा टूथपेस्टनं घासलं की ती झिजतात, आणि एकदा गेलेला नंबर परत आणता येत नाही. नावापेक्षा नंबर मोलाचा, कारण एका पलटणीत एकाच नावाचे कितीतरी जाधव असायचे, आणि साहेबाचा कारकून ते नाव इंग्रजीत कधी 'व्ही' लावून लिही, कधी 'ओ' लावून.

म्हणून आधी फोटो. खिडकीशी बसा, उजेड बाजूनं तिरका पडू द्या आणि मेडल थोडं थोडं फिरवत पूर्ण कडेचे आठ-दहा फोटो काढा. फ्लॅश नको, चांदी चमकते आणि अक्षरं बुजतात.

मग शोध. दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यपदकांसाठीच्या शिफारशी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ 373' या मालिकेत आहेत. नाव चार तऱ्हांनी लिहून शोधा, सापडलेला कागद नंबराशी ताडून घ्या. जवानानं काय केलं आणि वर कुणाकुणाच्या सह्या झाल्या, हे तिथं मिळतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला नंबरासकट पत्र लिहा.

काळेपणाची भीती नको. हवेतल्या गंधकानं चांदीवर तो थर येतो, आतली चांदी शाबूत असते. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद मात्र तो वाढवतात. घरची रंगीत सोलापुरी चादर कितीही मऊ असली तरी तिच्यात गुंडाळू नका, रंग फितीला लागतो. धुऊन जुनं झालेलं पांढरं सुती कापड बरं. सराफाकडून मागे पिन डाखवून घेणं तर अजिबात नको; तापवल्यानं कडेची अक्षरंही बिघडू शकतात.

फीत विरली तर नवी लावा, पण जुनी त्याच कापडात मेडलजवळ ठेवा. रेघांवरूनच कळतं की ती याच मेडलची, की शेजारच्या ताऱ्याची चुकून इथं आलेली.