मराठी वार्तापत्र मेलने पाठवताना: एका खुणेचे तीन बाइट

वेबसाइटवर देखणं दिसणारं पान उचलून मेलमध्ये चिकटवलं की त्याची रया जाते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. जावास्क्रिप्ट चालत नाही, आयफ्रेम चालत नाही, व्हिडिओच्या जागी चित्र टाकून त्याला लिंक द्यावी लागते. पण मराठी मजकुराची दुखणी वेगळीच. बरीचशी एकाच मुळातून निघतात: यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. खूण म्हणजे व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार, शिवाय जोडाक्षरात लपलेलं हलन्त चिन्हही. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. आत १५ खुणा, म्हणजे ४५ बाइट.

आता विषयाची ओळ घ्या. ती सांकेतिक रूपात, तुकड्यातुकड्यांनी जाते आणि एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा चालत नाही. बेस-६४ पद्धतीने, म्हणजे बाइट साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहून, त्यात मजकुराचे ४५ बाइट मावतात. म्हणजे ‘विद्यार्थ्यांना’ लिहिलं की एक तुकडा संपला! तुकडा खुणेच्या मधोमध तोडायचा नाही असा नियम आहे, पण घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट बाइट मोजून कुठेही कापतात आणि इनबॉक्समध्ये विषयात प्रश्नचिन्हं उगवतात. हे काम हाताने करू नये, पीएचपीमेलरसारख्या मेल पाठवणाऱ्या तयार लायब्ररीवर सोपवावं.

मजकुरातही तोच घोळ. मेलच्या प्रमाणकानुसार एका ओळीत जास्तीत जास्त ९९८ बाइट, म्हणजे देवनागरीच्या ३३२ खुणा. मेल तयार करायचा एडिटर अख्खा परिच्छेद एकाच ओळीत लिहून देतो, तो ही मर्यादा सहज ओलांडतो. मग वाटेतला एखादा सर्व्हर ओळ मध्येच तोडतो आणि तोड तीन बाइटांच्या मध्ये पडली की काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह दिसतं. ओळखायची खूण सोपी: बाकी मजकूर ठीक आणि एकदोन ठिकाणीच घाण. सगळा मेलच अगम्य दिसत असेल तर आजार दुसरा, बहुधा यूटीएफ-८ जाहीर करायचं राहिलंय. तुटणाऱ्या ओळींवर उपाय म्हणजे मजकूरही बेस-६४ मध्ये पाठवणं. आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, पण क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत एका देवनागरी खुणेची नऊ चिन्हं होतात, त्यापेक्षा हे परवडलं.

तिसरी गाठ जीमेलशी. एचटीएमएल १०२ केबीच्या पुढे गेलं की जीमेल मेल कापतो आणि उरलेला भाग एका लिंकमागे ढकलतो. कापला जातो तो तळ, आणि ‘सदस्यत्व रद्द करा’ तिथेच असतं. ते सापडलं नाही की वाचक सरळ स्पॅमचं बटण दाबतो. काही एडिटर देवनागरीचं रूपांतर आकडेवजा संकेतांत करतात (‘क’ च्या जागी क असं). तिथे खुणेला तीनऐवजी सात बाइट जातात. पाठवण्याआधी सोर्स उघडून एवढं बघाच. पूर्ण लेख मेलमध्ये कोंबण्यापेक्षा दोन परिच्छेद आणि ‘पुढे वाचा’ बरं.

मजकूर छापखान्याकडून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये, आला असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर. त्यानंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून तपासावेत. कन्व्हर्टर हमखास ‘दुसर्या’ करून ठेवतात.

मांडणीसाठी अजूनही टेबलच. रुंदी ६०० पिक्सेल, स्टाइल प्रत्येक टॅगमध्येच लिहिलेली. विंडोजवरचं जुनं आउटलुक मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, त्यामुळे चित्राची रुंदी सीएसएसमध्ये लिहून भागत नाही, इमेज टॅगच्या विड्थमध्येही द्यावी लागते. वेबफॉन्ट जीमेलमध्ये येत नाहीत. निर्मला यूआय, मंगल, कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी अशी रांग लावून मोकळं व्हावं. ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली नको, वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. लेटर-स्पेसिंग शून्य; नाहीतर शिरोरेषा तुटते. आवडता सुलेखनी फॉन्ट टिकवायला सगळा मजकूरच चित्र करून पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. चित्रं बंद असलेल्या आउटलुकमध्ये असा मेल कोरा दिसतो आणि शोधूनही सापडत नाही. चित्र फक्त शीर्षपट्टीचं, तेही पर्यायी मजकुरासह.

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल जातात, त्यामुळे मोठ्या यादीला स्वतःचं डोमेन आणि मेल पाठवणारी सेवा लागतेच. मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, आधी कराव्यात. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही सक्तीच्या आहेत आणि प्रचाराच्या मेलना एका क्लिकवर रद्द होणारं सदस्यत्वही.

चाचणीचा मेल अँड्रॉइडवरचं जीमेल, विंडोजवरचं आउटलुक आणि आयफोन या तिन्हींवर पाठवा. संगणकावर ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ उघडलंत की तिन्ही नोंदींसमोर ‘पास’ आहे का तेही तिथेच दिसतं.