निऱ्या अखेर खाली आल्या! (१९१९चं मैदान, पुढचा भाग)

मंडळी, धोतर पडलं. म्हणजे जसं पडायला हवं तसं पडलं. गेल्या भागात ज्या बाहुल्याचा फोटो टाकला होता, अंतिम रेषेजवळ हात वर करून उभा असलेला पंच, त्याच्या निऱ्या आता पायाला धरून घोट्यापर्यंत सरळ उतरतात. परकरासारखा फुगारा गेला. तो कसा गेला, हे सांगण्यासाठीच हा सगळा मजकूर.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: हा छोट्या बाहुल्यांचा देखावा, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९च्या शर्यतींचा, प्रमाण १:१२. लांब पल्ल्याचे अनवाणी धावपटू रेषेकडे येताहेत, भोवती बघे. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा आणि पाहुणे म्हणून आलेले मुंबईचे गव्हर्नर लॉइड मंडपात बसतील. याच शर्यती पाहून पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवायचं ठरलं, म्हणून हाच प्रसंग निवडला. बाकी इतिहास आधीच्या भागांत आहे.

आता धोतर. हिशोब सोपा दिसतो. पाच वार म्हणजे १८० इंच, बारानं भागलं की १५ इंच. पन्ना ५० इंचांचा धरला तर सव्वाचार इंचांना जरा कमी. तेवढी मलमल कापा, नेसवा, झालं. प्रत्यक्षात कापड बाहुल्याच्या कमरेतून आडवं बाहेर येतं आणि तिथेच उभं राहतं. कारण सांगते. कापड किती सहज लोंबतं, हे त्याचा ताठपणा आणि त्याचं वजन यांच्या गुणोत्तरावर ठरतं. त्यातून जी ‘वाकण्याची लांबी’ निघते, ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. आपल्याला ती बारापट कमी हवी, म्हणजे ताठपणा-वजनाचं गुणोत्तर १७२८ पट कमी हवं. असं कापड जगात कुणी विणत नाही. ‘अजून तलम घ्या’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. तलम कापडानं फरक पडतो, पण १७२८ पट नाही पडत.

तलम कापडाबद्दल एक तक्रार करूनच घेते. ‘शंभर काउंट’ म्हणून मागवलेली मलमल हातात आली तेव्हा भिंगाखाली धागा चांगलाच जाड दिसला. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. शंभर काउंट असेल तर पौंडभर सुताची लांबी ८४,००० वार भरायला हवी. एका इंचात किती धागे बसतात, ही वेगळीच गोष्ट, आणि विकणारे दोन्ही आकडे बिनधास्त एकमेकांत मिसळतात. नमुना मागितल्याशिवाय मीटरभरही घेऊ नका.

मग धागे उपसून पाहिले. धोतराच्या उभ्या निऱ्यांमध्ये वाकतो तो आडवा धागा, म्हणून अधूनमधून एक आडवा धागा काढला की कापड नरमतं. नरमलं खरं, पण लगेच जाळी दिसायला लागली, आणि काठाजवळ सगळं उसवायला लागलं. आत तांब्याची बारीक तार घालण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. फोटोत छान दिसतो. पण शेवटी ते तारेचं वळण असतं, कापडाचं नव्हे, आणि शेजारी शेजारी दहा बाहुले उभे केले की ते ओळखू येतं. हेअर स्प्रेला माझा विरोध तुम्हाला ठाऊकच आहे. चकाकतो आणि पुढे पिवळा पडतो.

वाट सापडली ती वजनाकडून. कापड हलकं आहे, त्यामुळे त्याला खाली ओढणारं कुणी नाही. तर मग वाळेपर्यंत ओढायला कुणीतरी द्यायचं! तांदळाची अगदी पातळ खळ, गाळून घेतलेली. कापड त्यात बुडवून बाहुल्याला नेसवायचं, निऱ्या कीटक टोचायच्या बारीक टाचण्यांनी जागेवर धरायच्या, आणि खालच्या काठाला दोऱ्याच्या फासांनी छोटे चिमटे लटकवायचे. बाहुला उंच ठेवायचा, म्हणजे चिमटे अधांतरी राहतात. पूर्ण वाळल्यावर फास कापायचे. नंतर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरलं की खळीचा कडकपणा थोडा उतरतो, वळण राहतं. कमरेचा गठ्ठा मात्र यानंही जात नाही. तिथे मी समोरच्या निऱ्या आणि मागचा कासोटा वेगवेगळे शिवून जोडते. धोतर एकसंधच हवं म्हणणाऱ्यांनी आधी पाऊण इंचाच्या कमरेवर १५ इंच कापड खोचून दाखवावं.

आणि कापड? रेशीम. पाच मॉमी (रेशमाच्या वजनाचं माप), म्हणजे चौरस मीटरला जेमतेम २२ ग्रॅम. साधी मलमल त्याच्या दुपटीहून जास्त भरते. रेशमाची चमक नको होती, ती खळीत चिमूटभर खडूची पूड घातल्यावर मेली.

इथपर्यंत लिहून झालं आणि दुसराच विचार आला. सगळी धोतरं एकसारखी तलम का पडावीत? १९०५मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली होती, त्याला इथे चौदा वर्षं झालीत. गर्दीत मँचेस्टरचं तलम धोतर नेसलेला वकील असेल, तसा निश्चयानं देशी गिरणीचं जाडंभरडं नेसणारा तरुणही असेल. आपल्या गिरण्यांचं बहुतेक सूत तेव्हा जाड नंबराचं होतं, बारीक माल मुख्यतः लँकेशायरचा. म्हणजे निऱ्या किती आणि केवढ्या, यावरून कोण कुठल्या मताचा ते दिसलं पाहिजे. देशी धोतराला मोजक्या, रुंद निऱ्या. विलायतीला बारीक आणि पुष्कळ. शिवाय युद्धानं कापड भयंकर महागलेलं, त्यामुळे कोरं करकरीत कुणाच्या अंगावर फारसं नकोच.

त्यासाठी जुन्या गोधडीच्या आतल्या घड्या उसवल्या. वर्षानुवर्षं धुऊन त्या कापडातला सगळा ताठा गेलेला आहे. नव्या मलमलीपेक्षा ते कितीतरी बरं पडतं आणि रंगही आपोआप मळखाऊ. देशीवाल्या मंडळींना आता हेच. रेशीम फक्त वकील आणि पंचांना. कोपऱ्यात शेंगा विकणारी बाई आहे, तिचं इरकली लुगडंही गोधडीतूनच काढीन. काठ रंगवायचे की एकेक धागा ओवायचा, हे ठरायचंय. ओवायचाच बहुधा.

डोक्यांचं काम थांबवलंय. पांढऱ्या टोप्या घालू नका असं आधीही म्हटलं होतं. गांधी टोपी गर्दीत दिसायला लागते ती असहकाराच्या काळात, १९२०-२१मध्ये. इथे पगड्या, फेटे, मुंडाशी आणि काळ्या गोल टोप्या. पण पगड्या काळ्या करणार होते त्या आता नाही करत. त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यातल्या नेहमीच्या काचांवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिका. म्हणजे फोटोतल्या ‘काळ्या’ पगडीतली कितीतरी लाल असणार. उद्या रंगवलेल्या चिंध्यांचे मोबाइलवर फोटो काढून त्यातला फक्त निळा चॅनल बघते. तो साधारण जुन्या काचेसारखंच दाखवतो. फिकट दिसणारे लांब कोट निळसर होते का, तेही त्यातच तपासता येईल, आणि तसं निघालं तर मंडपातल्या निम्म्या मंडळींचे कपडे बदलतील.

तोवर कुणाकडे तीन-चार मॉमीचं, न रंगवलेलं रेशीम उरलं असेल तर सांगा. उपरण्यांना पाचही जाडच वाटतंय.