एक्सलची कट-कट: कोकणातल्या गाडीचे सीव्ही जॉइंट कमी खर्चात कसे सांभाळायचे

मिरगाच्या आधी घर शाकारून घेतो, त्याच आठवड्यात गाडीखाली एकदा बॅटरी मारून बघावं. पुढच्या चाकांच्या आतल्या अंगाला, एक्सलच्या दोन्ही टोकांवर, चुण्यांचा काळा रबरी बूट असतो. त्याच्या आत सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे चाक वळलं किंवा वरखाली झालं तरी त्याला फिरवत ठेवणारा एक्सलचा सांधा. तो बिघडतो तो बहुतेकदा हा बूट फाटल्यामुळे. चिरेतून ग्रीस बाहेर उडतं (रिमच्या आतल्या बाजूचे काळे शिंतोडे हीच खूण) आणि जांभ्याची लाल माती, पावसाचं पाणी आत शिरतं. कर्द्याच्या किंवा हर्णैच्या पुळणीवर गाडी घातली असेल तर वाळू आणि मीठही. ग्रीसमध्ये माती कालवली की घासायची पेस्टच तयार होते, आणि गोळ्या ज्या खोबणींत फिरतात त्या खोबणी खड्डे पडून खराब होतात.

तपासणी फुकट आहे, ती नीट करा. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण कापून पहिल्या गिअरात हळू गोल फिरवा, मग रिव्हर्समध्ये. चाकाच्या तालावर कट-कट वाजलं तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट गेलाय; डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. गाडी उभी असताना नुसतं स्टीअरिंग फिरवून टक वाजत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग बघा. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची. फोंडा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय उचलला की शांत होते, तेव्हा आतल्या (गिअरबॉक्सकडच्या, तीन रोलरच्या) ट्रायपॉड जॉइंटवर संशय घ्यावा. पण इंजिनाचं माउंटिंग बसलं तरी असंच होतं, म्हणून पैसे खर्च करण्याआधी तेही बघून घ्या.

गॅरेजात सरळ ‘अख्खा एक्सल बदला’ सांगतात. दर वेळी त्याची गरज नसते. बूट नुकताच फाटलाय, आवाज नाही, ग्रीस दोन बोटांत चोळल्यावर खरखरत नाही, तर काही शे रुपयांचं बूट किट पुरतं. आवाज सुरू झाला असेल तर नुसतं नवं ग्रीस भरण्यात अर्थ नाही, झिजलेली खोबण भरून येत नाही. तेव्हा फक्त बाहेरचा जॉइंट घ्या. किटमध्ये बूट, ग्रीस, क्लॅम्प, सर्क्लिप (जॉइंट दांड्यावर अडकवून ठेवणारी बारीक कडी) आणि हब नट (एक्सल चाकाच्या हबला धरणारा मोठा नट) आहेत ना ते मोजून घ्या, आणि एक्सलच्या दात्यांची संख्या व एबीएस ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजायची रिंग जुन्याशी जुळवा. भंगारातला एक्सल स्वस्त पडतो, पण २०२१ च्या जुलैतल्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा नको. बूट उघडून गंज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

काम करताना पहिला अडसर हब नटचा. खाऱ्या हवेने तो गच्च झालेला असतो, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. नटची ठोकून वाकवलेली कड छिन्नीने उचला आणि गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, नट सैल करा. सॉकेट बहुधा ३० किंवा ३२ मिमीचा लागतो. मग गाडी स्टँडवर घ्या. चिऱ्यावर टेकवू नका, जांभा भाराखाली फुटतो. लोअर आर्मचा (हबला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवा, हब बाहेर ओढा. एक्सल हबमध्ये अडकला तर नट टोकाशी सपाट येईल इतका परत लावून लाकूड मध्ये धरून ठोका, नाहीतर आटे बसतात.

आतलं टोक काढण्याआधी गिअरबॉक्सचं तेल काढून ठेवा. दांडा धरून हिसका देऊ नका, ट्रायपॉड सुटून येतो. पहार जॉइंटच्या कपाला लावा. परत बसवताना ऑइल सीलच्या ओठाला दाते लागू देऊ नका. हा सील कापला गेला तर गिअरबॉक्सचं तेल थेंब-थेंब गळत राहतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

बाहेरचा जॉइंट आतल्या कड्यावर पितळी दांडक्याने ठोकला की सर्क्लिप दबून निघतो. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरू नका. किटमधलं ग्रीस सगळं वापरा, साधारण निम्मं गोळ्यांत दाबून आणि उरलेलं बुटात. ते काळं मोलिब्डेनमचं असतं, चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस त्याऐवजी चालत नाही. लहान क्लॅम्प आवळण्याआधी बुटाची कड उचलून कोंडलेली हवा सोडा, नाहीतर चुण्या फुगून घासतात. क्लॅम्पच्या जागी तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी बांधली तर घाटात बूट सरकतो.

हब नट नवाच लावा. टॉर्क (नट किती जोराने आवळायचा ते माप) गाडीच्या पुस्तकातला घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत तो १७५ ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो आणि अंदाजाने आवळला तर बेअरिंग जातं. कड ठोकून वाकवा, गिअरबॉक्सचं तेल भरा, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा गाडीखाली बॅटरी मारून बघा: रिम कोरडं, बूट कोरडा, सीलखाली तेलाचा थेंब नाही.