ब्रिटिश आधुनिक कला: सुरुवात केंब्रिजपासून करा

लंडनला पोचल्यावर बहुतेक जण पहिल्या दिवशी टेट मॉडर्न गाठतात. तिथे जगभरची कला आहे. मात्र विसाव्या शतकातली ब्रिटिश कला समजून घ्यायची असेल, तर पहिला दिवस केंब्रिजच्या केटल्स यार्डला द्या. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास आहे.

केटल्स यार्ड हे जिम ईड यांचं राहतं घर. पूर्वी टेटमध्ये काम केलेल्या ईड यांनी १९५७-५८च्या सुमारास चार पडकी घरं जोडून ते उभं केलं, रोज दुपारी विद्यार्थ्यांसाठी खुलं ठेवलं आणि १९६६मध्ये विद्यापीठाला देऊन टाकलं. चित्रांशेजारी नावांच्या पाट्या नाहीत. खुर्च्यांवर बसता येतं, आणि खरंच बसा, कारण बरीच चित्रं बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावली आहेत. स्पॅनिश चित्रकार मिरोच्या चित्रातल्या पिवळ्या ठिपक्याला जोड म्हणून खोलीत जस्ती रंगाच्या ताटलीत एक लिंबू ठेवलेलं असतं. मांडणी हीसुद्धा रचनाच असते, हे मला वर्गात कधी इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. घरात शिरायला ठरावीक वेळेचं तिकीट लागतं, ते आधीच काढा. सोमवारी जाऊ नका.

इथेच आल्फ्रेड वॉलिस भेटतो. हा कॉर्नवॉलचा म्हातारा मच्छीमार पत्नी वारल्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर होड्या रंगवू लागला. १९२८मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड या चित्रकारांनी त्याला कॉर्नवॉलमधल्याच सेंट आइव्हज या गावात पाहिलं. पुठ्ठा जसा फाटलेला, तशी चौकट. वॉलिसचा प्रभाव पडलेल्या निकल्सनची चित्रं त्याच घरात लगेच पाहायला मिळतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

पुढे सेंट आइव्हज. पॅडिंग्टनहून रात्रीची झोपण्याची गाडी पेन्झन्सपर्यंत जाते (शनिवारी रात्री नसते). सेंट अर्थला उतरून छोटी गाडी पकडा आणि उजवीकडच्या खिडकीशी बसा, समुद्र त्या बाजूला आहे. शिल्पकार बार्बरा हेपवर्थ १९४९मध्ये ट्रेविन स्टुडिओत आल्या आणि १९७५मध्ये तिथल्याच आगीत गेल्या. बागेतली बरीच शिल्पं त्यांनी ठेवली तिथेच आहेत. शिल्पातल्या भोकांतून पानं, आभाळ, शेजारची भिंत दिसते, आणि ती भोकं तिथे का आहेत ते उमगतं. फोटोत हे अजिबात कळत नाही. तिथे किमान दोन तास काढा. टेट सेंट आइव्हज त्याच दिवशी होतं. गावात चढ-उतार फार, बूट चांगले घाला.

लंडनला परतल्यावर व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट) संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस चुकवू नका. २०२५मध्ये उघडलेल्या या साठवणगृहात प्रवेश मोफत आहे. संग्रहातल्या पाचपर्यंत वस्तू निवडून जवळून पाहता येतात. त्यासाठी किमान दोन आठवडे आधी नोंदणी करावी लागते. तेव्हा यादी घरूनच तयार करा. वास्तुरचनाकार स्मिथसन दांपत्याच्या, आता पाडलेल्या रॉबिन हूड गार्डन्स या लंडनमधल्या वसाहतीचा दर्शनी तुकडाही इथेच उभा आहे.

शेवटी टेट ब्रिटन; स्टेशन पिम्लिको. गोव्यातल्या साळगावला जन्मलेला, जे. जे.तून काढून टाकलेला आणि १९४९मध्ये लंडनला गेलेला चित्रकार सूझाही या इतिहासाचा भाग आहे, आणि त्याचं १९५९चं ‘क्रूसिफिक्शन’ टेटच्या संग्रहात आहे. ते नेहमी भिंतीवर असतंच असं नाही. निघण्याआधी संकेतस्थळावर तपासा.