मालवणसमोरून जाताना

धाकट्याला क्रूझवर जायचं होतं आणि आईंना माहेरी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर देवबाग, मालवणच्या खाली, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं. दोन्ही हट्ट एकाच सुट्टीत आणि आमच्या खिशाला झेपतील असे बसवायचे म्हणून बेत आखला: रेल्वेने कुडाळ, तिथून देवबाग, मग गोवा, आणि परत येताना मुरगाव बंदरातून मुंबईला येणारी एका रात्रीची बोट. देवबागला राहायचा खर्च नव्हताच. आईंच्या धाकट्या भावाचं घर आहे आणि मामा पैशाचं नाव काढू देत नाहीत. वाचलेले पैसे बोटीच्या तिकिटात घातले, तरी मिळाली ती आतली, बिनखिडकीची खोली. खिडकीवाल्या खोलीचे दर ऐकून नवऱ्याने फोन शांतपणे खाली ठेवला होता.

देवबाग म्हणजे जमिनीची अरुंद पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी, मधे माड आणि घरं. मामांच्या पडवीत बसलं की मागून नदीवरच्या होड्यांचे आवाज येतात आणि पुढून लाटांचे. डिसेंबरच्या सुट्टीत संगमाकडे गर्दीचा कहर असतो. पॅरासेलिंग, स्कूबा, बनाना राइड, त्सुनामी आयलंडकडे धावणाऱ्या होड्या. त्या गोंगाटात मन रमलं नाही, म्हणून आम्ही सकाळीच किनाऱ्यावर जायचो आणि ऊन चढलं की घरी. मामी घावणे आणि नारळाचा रस करायच्या, दुपारी बांगड्याचं तिखलं. मुलांनी कधी नव्हे ते मोबाइल मागितला नाही.

तिथली एक सकाळ मात्र सविस्तर सांगायलाच हवी. किनाऱ्यावर रापण लागली होती. पहाटे होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत नेलेलं, दोन्ही टोकांचे जाड दोर वाळूवर आणलेले आणि दोन रांगांत माणसं ते ओढत होती. मुलगी नुसती बघत उभी होती, तर एका म्हाताऱ्या रापणकराने तिला हाताने खूण केली. म्हणाला, ‘‘पाय रेवेत रोव, आनि मागे वड. हातान नको, आंगान वड.’’ ती रांगेत शिरली, मागोमाग धाकटा, मग नवरा. दोर ओला, खरखरीत, वाळूने भरलेला. ओढता ओढता रांगेतला शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडायचा आणि पाण्यापाशी जाऊन पुन्हा पुढचा धरायचा. बोलणं कमी, पण पायांची लय सगळ्यांची एक. तासाभराने जाळ्याची पिशवी काठाला आली. पेडवे, तारली, थोडे बांगडे, एक छोटी मोरी. रापणकरांचे चेहरे पाहूनच कळलं की मनासारखं मिळालेलं नाही. तरी मुलीच्या ओंजळीत त्यांनी चार-पाच बांगडे टाकलेच. ‘‘वडलंस मां? मगे तुझो वाटो,’’ एवढंच बोलणं. मामा नंतर सांगत होते की मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडीचे दिवे लावून होणारी मासेमारी यांनी किनाऱ्याजवळ मासळी उरू दिली नाही. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, एलईडी मासेमारीला केंद्राची बंदी आहे. पण रात्री क्षितिजावर दिवे दिसायचे ते दिसतातच, असं ते म्हणाले. ती ओंजळभर मासळी घरी आली तेव्हा मुलीने स्वतःच्या हाताने साफ केली. मुंबईत ती माशाला बोट लावत नाही.

गोव्याचा दिवस कलंगुटच्या गर्दीत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता बोट. मुरगावला तपासण्या, सामानाचे टॅग, फोटो असं सगळं उरकून आत शिरलो तेव्हा मुलं हरखून गेली. आत झुंबरं, काचेची लिफ्ट, पोहण्याचा तलाव, दिवसभर चालू असलेलं जेवण. जेवण खरोखर चांगलं होतं. शाकाहारी मंडळींना तर हेवा वाटावा इतके प्रकार. पेयांचे पैसे वेगळे, वायफायचे वेगळे, पण ते आधीच वाचलं होतं म्हणून पाण्यावर आणि चहावर भागवलं. खोली लहान, भिंतीवर खिडकीच्या जागी आरसा. दिवा बंद केला की दिवस की रात्र कळू नये.

आई खोलीत टेकल्याच नाहीत. पिशवी ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘‘मालवण कधी येतला ता इचार गे.’’

आई लहान असताना वडील गिरणीत होते, लालबागला. वर्षातून एकदा आई, आजी आणि भावंडं बोटीने मुंबईला जायची. ‘रोहिणी’, पुढे ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं त्यांच्या तोंडी अजून असतात. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक, त्यामुळे मोठी बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची. धक्क्यावरून होडीत बसायचं, हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं आणि शिडीवर चढायचं. ट्रंका, वळकट्या, फणस, कोंबड्या, पोरं, सगळं त्याच वाटेने वर. डेकवर चादर पसरायची आणि आजी ज्या गावाला बोट थांबेल त्या गावाचं नाव सांगायची. देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोटी सुरू व्हायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बंद. पुढे एसटी आली, रस्ते सुधारले, बोटी थांबल्या आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर समुद्रमार्गे मुंबईला जाण्याचं नावही कुणी काढेनासं झालं. आईंना बोटीत बसून आपलं गाव पुन्हा एकदा समुद्राकडून बघायचं होतं. क्रूझला त्या होकार देऊन बसल्या होत्या त्या याचसाठी, हे मला तिथे उभी असताना कळलं.

मी रिसेप्शनवर गेले. तिथली मुलगी अदबीने हिंदीत म्हणाली, जहाज मध्ये कुठेही थांबत नाही. थांबत नाही ते ठाऊक आहे, पण मालवणसमोरून किती वाजता जाणार? तिने दोन ठिकाणी फोन केले, संध्याकाळच्या कार्यक्रमांचा कागद माझ्या हातात दिला आणि खेद व्यक्त केला. कागदावर जादूचा शो, बिंगो, कसिनो, डीजे नाइट, मध्यरात्रीचा बुफे असं सगळं वेळेसकट होतं. उजव्या हाताला कोकणची अख्खी किनारपट्टी जाणार होती, तिचा एका ओळीत उल्लेख नव्हता.

मग सुरक्षेची कवायत झाली. सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. बरेच लोक फोटो काढण्यात दंग. आईंनी मात्र पट्टे कसून बांधून पाहिले, शिट्टी कुठे आहे ते बघितलं, आपल्या लाइफबोटीचा नंबर दोन्ही नातवंडांकडून पाठ म्हणून घेतला. त्यांच्या लहानपणी घरात ‘रामदास’ बोटीची आठवण ताजी होती. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या घरातून पावसाळ्यात कुणी बोटीवर पाऊल ठेवत नसे. पट्टे बांधताना आईंनी हे सगळं मुलांना सांगितलं. आजूबाजूच्या दोन कुटुंबांनी फोन खाली ठेवून ऐकलं.

तिथेच एक जण ऐकत उभा होता. डेकवर काम करणारा, तिशीच्या आतला. कवायत संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, ‘‘आजी, तुमी खंयच्या?’’ देवबाग म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. तो देवगडकडचा. नेहमीच्या वेगाने गेलो तर आठाच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या खडकांवरची बत्ती दिसेल, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात मालवण, असं त्याने सांगितलं. ‘‘वरच्या डेकार जाव नकात, थंयसर उजेड लय. लाइफबोटींच्या बाजूक उजव्या अंगाक उभी ऱ्हवा. थंय काळोख आसता.’’

बोट अग्वादच्या पुढे गेल्यावर सूर्य मावळला. आम्ही आधी वर जाऊन पाहिलं होतं आणि त्या माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तलावाभोवती प्रखर दिवे, कर्ण्यांतून छातीत घुमणारा आवाज. कठड्याशी उभं राहून बाहेर पाहिलं तर काळी भिंत. खुर्च्या झाडून सगळ्या तलावाकडे आणि रंगमंचाकडे तोंड केलेल्या. समुद्राकडे तोंड करून बसायला एवढ्या मोठ्या जहाजावर एक बाक सापडला नाही, याचा मला मनापासून राग आला. लोकांनी नाचावं, पोहावं, त्याला माझी ना नाही. पण एक कोपरा अंधाराचा, शांत, बाहेर बघणाऱ्यांसाठी राखला असता आणि दर तासाला दोन वाक्यांत सांगितलं असतं की आता हे गाव, हा किल्ला, ही बत्ती, तर कुणाचं काय बिघडलं असतं? जहाजावर निम्म्याहून अधिक माणसं मराठी बोलत होती. कितीकांचं मूळ गाव त्या अंधारात असेल.

लाइफबोटींच्या बाजूला वारा झोंबत होता. आईंना शाल दिली, त्यांनी ती डोक्यावरून घेतली. आठ वाजून गेले आणि पुढच्या अंगाला एक चमक आली, गेली, पुन्हा आली. ‘‘ता बघ, थंयसर! खडकावरची बत्ती!’’ आईंचा आवाज एकदम चढला. मुलं धावत आली. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, म्हणजे रात्री खलाशाला आपण कुठे आहोत ते ओळखता येतं, हे मुलांना त्यांनी तिथेच समजावलं. त्यांना ते त्यांच्या आजीने सांगितलं होतं, डेकवरच्या चादरीवर. खडक मागे पडले. त्यांच्या पलीकडे, खूप दूर, किनाऱ्याच्या दिव्यांची बारीक रेघ दिसू लागली.

नवऱ्याला फोनवर अचानक रेंजची एक कांडी दिसली. त्याने मामांना लावला आणि फोन आईंच्या कानाशी धरला. वाऱ्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

‘‘बाबल्या, आमी मालवणसमोर इलव रे! खंय आसस?’’

मामा जेवायला बसले होते. ताटावरून उठून ते टॉर्च घेऊन किनाऱ्यावर गेले. फोन दोनदा तुटला, पुन्हा लागला. स्पीकरवर त्यांचा धापा टाकत आलेला आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

‘‘दिसता गे, दिसता! मोठी दिव्यांची बोट दिसता!’’

‘‘माका बघतंस?’’

‘‘तुका नाय गे. पण बोट दिसता.’’

मग मामी आल्या, शेजारी आले. पलीकडून लहान मुलांचा कालवा ऐकू येत होता. इकडे धाकट्याने मोबाइलचा दिवा लावून हात उंच केला आणि हलवत राहिला. एवढ्या अंतरावरून तो दिसणं शक्य नाही हे त्यालाही कळत होतं, तरी रेंज जाईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही. आई रडल्या. नवराही. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ला तिथेच कुठेतरी होता, अंधारात तो दिसणार नव्हताच, पण आईंनी त्या दिशेला हात जोडले.

देवगडकर भाऊ नऊ वाजता मुद्दाम येऊन विचारून गेला, ‘‘गावला मां मालवण?’’ त्याची ड्यूटी होती, त्यामुळे दोन मिनिटंच थांबला. स्वतःचं देवगड पुढे येणार म्हणून त्याने घड्याळ पाहिलं आणि गेला. महिनोन्महिने तो आपल्या गावासमोरून असा जात असेल. त्या रात्री आम्हाला सगळ्यात मोठा पाहुणचार त्याने केला.

उरलेली रात्र खोलीत झोपून गेली, जादूच्या शोला मुलं जाऊन आली. सकाळी मुंबई धुरकट उजेडात वर आली आणि आम्ही बॅलार्ड पिअरला उतरलो. भाऊचा धक्का तिथून जवळच, म्हणून आईंच्या आग्रहाखातर टॅक्सी तिकडून नेली. मासळीचा वास, टोपल्या, आणि गाड्या पोटात घेऊन मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीची रांग. २०२० पासून ती बोट चालू आहे, हे आईंना माहीत नव्हतं. सामान्य माणसं पिशव्या घेऊन, मुलांना कडेवर घेऊन चढताना बघून त्या खूश झाल्या. भाऊच्या धक्क्यावरून जयगड, विजयदुर्गपर्यंत तशीच बोट नेण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, ते नवऱ्याने त्यांना सांगितलं. विजयदुर्गहून देवबाग म्हणजे मामांची गाडी आहेच न्यायला.

त्या बोटीने जायचं घरात ठरलं आहे. क्रूझवर पुन्हा जाऊ की नाही माहीत नाही, मुलांना तलाव फार आवडला आहे. आईंनी मात्र टॅक्सीतच अट घालून ठेवली: खोली घ्यायची नाही, बाहेर बसायचं, आणि चादर त्या स्वतः आणणार.