मनातलं ओळखताना

रविवार, रात्र

एका प्रश्नाने आज दिवसभर पिच्छा पुरवला. आपला विचार नेमका कशाबद्दल आहे हे बाहेरच्या जगावरून ठरत असेल, तर स्वतःचं मन स्वतःला कळतं असं म्हणता येईल का?

बाहेरून ठरतं, हे मला मान्यच आहे. तत्त्वज्ञ हिलरी पटनमने १९७५ साली कबूल केलं होतं की त्याला एल्म आणि बीच ही झाडं वेगळी ओळखता येत नाहीत, तरी तो एल्म म्हणाला की अर्थ एल्मच. माझं ऐन आणि किंजळ यांच्या बाबतीत तेच. ऐनाच्या भेगाळलेल्या सालीवर कितीदा हात फिरवलाय, पण शेजारी किंजळ असली की गोंधळ होतो. तरीही ‘ही तुळई ऐनाची’ असं मनात आलं, तर तो विचार ऐनाबद्दलच असतो. फरक सुताराला कळतो. त्याच्या जिवावर माझा विचार उभा आहे.

मग डोळे मिटून मला काय कळतं? टायलर बर्ज या तत्त्वज्ञाचं १९८८ मधलं उत्तर मला फार आवडतं. ‘मी आत्ता ऐनाचा विचार करतेय’ असं मनात म्हणताना ऐनाचा विचार त्या म्हणण्यातच घडतो. त्याचा विषय जगाने काहीही ठरवलेला असो, मूळ विचारात आणि त्याबद्दलच्या म्हणण्यात, दोन्हीकडे तोच येणार. इथे चुकायला जागाच नाही.

पण पॉल बोघोसियन हा तत्त्वज्ञ १९८९ मध्ये आठवणीवर बोट ठेवतो. समजा, एखाद्याला नकळत दुसऱ्या पृथ्वीवर नेलं. तिथलं ‘पाणी’ दिसायला-चवीला तसंच, रसायन मात्र निराळं. काही वर्षांत त्याच्या ‘पाणी’ या शब्दाचा रोख हळूहळू बदलला. आता त्याला ही अदलाबदल सांगितली, तर पूर्वीचा विचार कोणत्या पाण्याचा होता हे त्याला सांगता येत नाही. तो विसरलेला तर काहीच नाही. म्हणजे तेव्हाही त्याला माहीत नव्हतं?

हे मला पटत नाही. ज्ञान काय फक्त विसरण्यानेच जातं? मनात रास्त शंका शिरली तरी ते जातं. त्याला तेव्हा कळत होतं, यावर मी ठाम आहे.

एक गोष्ट मात्र हातची जाते, आणि ती मला मनापासून लागते. कालचा आणि आजचा विचार शेजारी ठेवून ‘हा तोच’ असं नुसतं आत डोकावून म्हणता येत नाही. माझ्याच जुन्या नोंदीतला शब्द अजून त्याच गोष्टीबद्दल आहे का, हे ताडायला तेव्हाचं गाव, तेव्हाची माणसं आणि त्यांच्या तोंडचा तो शब्दच धुंडाळावा लागतो.